बंद गाडीत ठेवलेल्या नारळाबाबत पुरवणी जबाब

पोलीस ठाणे, उंब्रज
दिनांक २७/०२/२०२६, वेळ सकाळी ११.२०

मी, लालासाहेब बाबुराव घाडगे, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी ड्रायव्हर, नंतर मालवाहतूक, सध्या घरीच, शिक्षण इयत्ता चौथी, रा. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा.

समक्ष हजर राहून सांगतो की, सर्वांत आधी उशिरा आल्याबद्दल माफी मागतो. हे सांगायला मी बारा दिवस उशीर केला आहे. दि. १८ रोजी ठाण्याचे साहेब स्वतः आमच्या शेडवर आले होते. निदान तेव्हा तरी सांगायला हवे होते. त्या दिवशी मी जो जबाब दिला तो खोटा आहे. माफी शेवटी लिहू, आधी हकीकत सांगा, असे मला येथे सांगण्यात आले. परंतु पुढचे ऐकल्यावर कोणाला माझी माफी लिहावीशी वाटेल की नाही याची खात्री नसल्याने ती आधी लिहून घ्यावी, अशी मी विनंती केली. त्यावरून आधी लिहिली आहे.

मी वरील ठिकाणी पत्नी बनुबाई, मुलगा वीरधवल व त्याच्या कुटुंबासह राहतो. सन १९८४ पासून आमच्या स्वतःच्या मालगाड्या आहेत. एका गाडीपासून सुरुवात केली. आमच्या गाड्या तासगाव भागातून द्राक्षे भरून बंगालच्या सीमेपर्यंत जातात. तिथून माल पलीकडे बांगलादेशात जातो. घाडग्यांच्या गाडीतून पेटी कमी होत नाही, एवढ्यावरच आमच्या धंद्याचे नाव आहे. हे वाक्य लोकांना मीच सांगत आलो आहे.

गाडी भरून झाली की ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे आणि शेवटची गाठ मी बांधायची, अशी आमच्याकडे पहिल्या गाडीपासून पद्धत आहे. गाठ बांधण्याआधी औंधच्या यमाईचा अंगारा कागदाच्या पुडीत घालायचा, पुडी व एक नारळ खणाच्या तुकड्यात गुंडाळायचे आणि ती गुंडाळी मागच्या ओळीतल्या पेट्यांमध्ये ठेवायची. गाडी पोहोचून रिकामी झाली की ड्रायव्हरने तो नारळ तिथेच फोडून खायचा व मला फोन करायचा. आमचे सर्व ड्रायव्हर हे जाणतात. गुडघे दुखायला लागल्यापासून मी टपावर चढत नाही, पण गाठ खालून मीच बांधत होतो.

गेल्या दिवाळीनंतर सीमेवरच्या कस्टमचे नियम बदलले. मला जेवढे कळते तेवढे सांगतो, चुकल्यास वीरधवलला विचारावे. ताडपत्रीची गाडी चालणार नाही, बंद बॉडीचीच हवी. माल भरतानाच दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावायचे, ते सीमेवरच काढायचे. गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, कुठे किती वेळ थांबणार, हे आधी कळवायचे. नाक्यात शिरायची वेळ मोबाईलवरून आधी घ्यायची, ती चुकली तर रांग पुन्हा पहिल्यापासून. ज्या ड्रायव्हरचा फोटो व अंगठा नोंदवला आहे त्यानेच गाडी न्यायची, वाटेत दुसऱ्याला देता येणार नाही. आमच्या भागातल्या कितीतरी गाडीवाल्यांनी हा रस्ता सोडून कारखान्यांची साखर वाहायला घेतली. वीरधवलने सोडला नाही. त्याने तीन जुन्या गाड्या विकून दोन बंद थंड गाड्या घेतल्या. ड्रायव्हरांना घेऊन फोटो-अंगठे करून आणले. आमची शेड महामार्गाला लागून आहे, म्हणून मार्गातला पहिला थांबा म्हणून तीच दोन तासांसाठी लिहून दिली, म्हणजे डिझेल, पाणी, ड्रायव्हरचा डबा इथेच होईल. जुन्या ताडपत्र्या शेडमागे रचून ठेवल्या आहेत. त्यातली एक बनुबाईने हळद वाळवायला घेतली.

दि. ११ जानेवारी रोजी वीरधवलने सर्व ड्रायव्हरांना शेडवर बोलावून नवीन कुलूप दाखवले. मी हजर होतो. मी विचारले, "मग गाठ कुटं बांधायची?" सगळे हसले. वीरधवल म्हणाला, "तात्या, आता गाठ कंपूटर बांधतोय. तुमी निवांत बसा की." तो वाईट बोलला असे माझे म्हणणे नाही. मी उठून चहाला गेलो. परत आलो तोवर दाराच्या आतल्या बाजूला बसवलेल्या लहान डोळ्याबद्दल सांगून झाले होते. दार उघडून आत उजेड पडला की तो डोळा वेळ व जागा लिहून ठेवतो. हे मला दि. १५ फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हते. चहाला गेलो नसतो तर माहीत झाले असते.

जयराज पांडुरंग मोहिते, वय ३९, रा. उंब्रज, हा आमच्याकडे वीस वर्षांपासून ड्रायव्हर आहे. त्याला गाडी मी शिकवली. खंबाटकीचा घाट लोड घेऊन कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, टायरवर काठी मारून आवाजावरून हवा कशी ओळखायची, दुसऱ्याच्या मुलखात बोलणे कसे ठेवायचे, सर्व शिकवले. एक गोष्ट शिकवली नाही. ती पुढे सांगतो.

सोमवार दि. ९ फेब्रुवारी रोजी दुपारी तीनच्या सुमारास जयराज तासगावजवळच्या शीतगृहातून द्राक्षे भरून शेडवर आला. कुलूप तिथेच लावलेले होते. नव्या गाडीची ती सीमेवरची पहिलीच खेप. वीरधवल कामासाठी कराडला गेला होता. जयराज म्हणाला, "तात्या, आंगूळ करून चार घास खाऊन येतो. गाडीकडं ध्यान ठेवा." मी म्हणालो, "जा रं. गाडी काय पळून जातीया व्हय?" तो ३.२० ला घरी गेला. शेडवर माझ्याशिवाय कोणी नव्हते.

नारळ व खणाचा तुकडा मी सकाळीच बनुबाईकडून घेतला होता. पुडी खिशात होती. बंद गाडीत ते ठेवता येणार नाही म्हणून केबिनमध्ये ठेवायचे, असे मी ठरवले होते. केबिनमध्ये ठेवलेही. मग काढले. कारण विचारले असता सांगतो की, केबिनमध्ये ड्रायव्हरचा देव असतो, मालाचा नसतो. आता हे सांगताना कारण पुरेसे वाटत नाही, पण त्या वेळी वाटले होते. दुसरे कारण असे की, ते दार कुलूप न काढता उघडायचे मला येत होते. आणि ते मला येते हे कोणालाही माहीत नव्हते.

शेडमधले दोन पाने व एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी दाराच्या ज्या पट्टीला कुलूप अडकवलेले असते ती पट्टीच कुलपासकट दारापासून सोडवली. कुलपाला हात लावला नाही. उजवे दार हात जाईल एवढे उघडले आणि गुंडाळी मागच्या ओळीत ठेवली. पेट्यांना हात लावून पाहिला. गार होत्या. दार लावले, पट्टी होती तशी बसवली आणि बोल्टच्या डोक्यांवर माती चोळली. त्या डोळ्याच्या नोंदीत दार ३.४१ ते ३.४४ उघडे होते असे आहे. ते बरोबर असावे. मालातून मी काही काढले नाही. हे दोनदा लिहून घ्यावे. मालातून मी काही काढले नाही.

माती का चोळली, असे विचारले असता सांगतो की, सवयीने. सवय कशी लागली हेही पुढे सांगतो.

जयराज ४.३५ ला परत आला. त्याने दार पाहिले, कुलूप पाहिले, मोबाईलवर कुलपाचा फोटो काढला. तसा आता नियमच आहे. मग त्याने मला विचारले, "आवं तात्या, नारळ न्हाई दिला ह्या टायमाला?" मी म्हणालो, "आता तुमचा कंपूटर हाय की. त्येलाच फोडायला सांग." तो हसला. माझ्या पाया पडला आणि पाच वाजता निघाला. मी नारळ दिलेला नाही हे त्याला पक्के माहीत होते, हे दाखवण्यासाठी ही बोलणी सांगितली आहेत.

शनिवार दि. १४ रोजी गाडी नाक्यावर पोहोचली. कुलूप शाबूत होते, परंतु नोंदीत दार उघडल्याचे निघाले. त्यामुळे गाडी बाजूला घेतली. रविवारी दार उघडल्यावर मागच्या ओळीत खणात बांधलेली गुंडाळी सापडली. आत नारळ व करड्या रंगाची पूड. आपला अंगारा तिकडच्या लोकांना माहीत असण्याचे कारण नाही. त्यांनी त्यांचे काम केले. पूड तपासायला पाठवली आणि जयराजला चौकशीसाठी ठेवून घेतले. माल पलीकडे गेला नाही. त्याचे पुढे काय झाले ते मी वीरधवलला विचारलेले नाही.

त्या रविवारी दुपारी वीरधवलच्या मोबाईलवर गुंडाळीचा फोटो आला. आम्ही जेवायला बसलो होतो. त्याने फोटो आधी त्याच्या आईला दाखवला. "आई, हा खण आपल्यातला हाय का?" बनुबाईने मोबाईल हातात घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मला बारीक दिसत न्हाई बाबा." ती अजून रोज सुईत दोरा स्वतः ओवते. या प्रकरणात तिचा काही दोष धरू नये, अशी विनंती आहे.

मग वीरधवलने मला विचारले, "तात्या, तुमी जयाला नारळ दिला व्हता का?"

"तुम्ही ठेवला का?" असे त्याने विचारले असते तर मी काय बोललो असतो, हे मला आज सांगता येत नाही. त्याने जसे विचारले तसे मी उत्तर दिले. मी म्हणालो, "व्हय. दिला व्हता."

वीरधवल म्हणाला, "म्हंजी त्यानंच उघडली गाडी. वाटंवर, आपल्याच शेडवर. तीस डाव सांगितलं हुतं, कुलपाला बोट लावू नगा." तो ताटावरून उठला. त्याच दिवशी त्याने, नारळ ड्रायव्हरकडे दिला होता, असे तिकडे लिहून पाठवले. दार उघडल्याची नोंद कशी होते हे त्याने मला तेव्हा सांगितले. मी ऐकून घेतले आणि जेवण पूर्ण केले.

सोमवार दि. १६ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. जयराज कोणाच्या तरी फोनवरून बोलत होता. झालेले बोलणे मला आठवते तसे सांगतो.

"तात्या, मी जया."

"बोल रं."

"हितं म्हंत्यात, नारळ माझ्याकडं दिला हुता. आपल्या हाफिसातनं तसं लिवून आलंय. तात्या, तुमी मला नारळ दिला हुता?"

तिकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"दिला हुता की," मी म्हणालो. "तू इसरला असशील."

तो म्हणाला, "बरं. दिला असंल."

मला वाटले फोन ठेवला. पण त्याने विचारले, "तुमचं गुडघं कसं हाईत?"

मी बरे आहेत असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्याने, दार मी उघडले व नारळ मी ठेवला, असे तिकडे सही करून दिले.

दि. १८ रोजी तिकडून विचारणा आल्यामुळे या ठाण्याचे साहेब आमच्या शेडवर आले. मी त्यांना, नारळ ड्रायव्हरला दिला होता, पुढचे मला माहीत नाही, असे सांगून सही केली. साहेबांना चहा मीच दिला.

मला वाटले होते की पूड साधी राख निघेल, जयराजला समज देऊन सोडतील व गाडी परत येईल. पूड राखच निघाली. तसे दि. २३ रोजी कळले. परंतु जयराजला सोडले नाही. कारण त्यांनी त्याला, कुलूप न तोडता दार कसे उघडले ते करून दाखव, असे सांगितले. त्याला दाखवता आले नाही. तीन वेळा त्याच्या हातात पाने दिले, असे वीरधवलकडून समजले. त्याला ते येतच नाही. मी त्याला न शिकवलेली गोष्ट हीच. त्यावरून तिकडच्या लोकांचा असा समज झाला आहे की, तो कोणा सराईत माणसाला पाठीशी घालत आहे. तो समज बरोबर आहे.

येत्या सोमवारी दि. २ मार्च रोजी त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा की कसे, हे ठरणार आहे. त्याची ड्रायव्हर म्हणून झालेली नोंदणी त्याच दिवशी कायमची रद्द होईल. मग त्याला सीमेचा माल कोणी देणार नाही, आणि सीमेवर पकडलेला ड्रायव्हर म्हणून साधा मालही कोणी देणार नाही. मी ड्रायव्हर होतो, म्हणून हे मला माहीत आहे.

क्रांती जयराज मोहिते, जयराजची पत्नी, ही दि. २० रोजी आमच्या घरी आली होती. मी बाहेर गेलो आहे असे तिला सांगण्यात आले. मी आतल्या खोलीत होतो. दि. २५ रोजी ती पुन्हा आली आणि न विचारता आत आली. मी कॉटवर बसलो होतो. ती म्हणाली, "तात्या, गावात म्हंत्यात मोहित्या चोर निघाला. थोरली शाळंला जाईना झालीया. तुमी एकडाव वीरुदादांस्नी सांगा, ह्ये तसलं न्हाईत म्हून. तुमचं त्ये आयकत्यात." मी म्हणालो, "सांगतो." ती जायला उठली आणि दारात थांबून म्हणाली, "खरं तर ह्ये येऊ नगंस म्हणालं हुतं. फोनवर मला बोललं, तात्यांस्नी कायबी इचारू नगंस, त्यांचं बीपी वाढतंय."

ती गेल्यावर मी वीरधवलला काही सांगितले नाही.

काल दि. २६ रोजी संध्याकाळी बनुबाई अंगणात ज्वारी निवडत होती. मी शेजारी बसलो होतो. ती सुपाकडे बघतच म्हणाली, "आवं, त्यो खण माज्या चोळीचा हाय. म्या त्याच दिशी वळाकला. तुमच्या तोंडाकडं बघून खोटं बोलले. पर काल क्रांती बसली हुती तितं, तवापास्नं मला तितं झाडायला नगं वाटतंय."

मी म्हणालो, "नारळाचं सांगायला मला काय न्हाई गं. पर नारळाचं सांगितलं की उघडली कशी ते इचारत्याल."

"कशी उघडली?"

मग मी तिला सांगितले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सांगितले. तेच आता येथे सांगतो.

सन १९७६ ते १९७९ या काळात मी दुसऱ्याच्या बंद गाडीवर ड्रायव्हर होतो. इचलकरंजीहून कापड भरून मुंबईला न्यायचो. मालक हयात नाहीत, त्यांचे नाव लिहू नये. दाराला शिशाचे सील असायचे. सीलला हात न लावता पट्टी कशी सोडवायची, हे मला दुसऱ्या एका ड्रायव्हरने शिकवले. सील शाबूत राहायचे आणि मुंबईत तागे कमी भरायचे. सील शाबूत म्हटल्यावर ड्रायव्हरवर कोणी बोट ठेवत नसे. भरतानाच कमी भरले असतील म्हणून हमालांवर संशय जायचा. मी असे चार वेळा केले. बोल्टवर माती चोळायची सवय तेव्हाची. चौथ्या वेळी एका हमालाला सगळ्यांसमोर उभे करून कामावरून काढले. मी तिथे विडी ओढत उभा होतो. त्याचे नाव नामदेव. आडनाव मी कधी विचारले नाही. त्यानंतर मी ते केले नाही.

स्वतःची गाडी घेतली तेव्हा मी उघडी गाडी घेतली. पुढेही सगळ्या उघड्याच घेतल्या. लोक विचारायचे, लालासाहेब, बंद गाडी का घेत नाही? मी सांगायचो, द्राक्षाला वारा लागतो. शेवटची गाठ दुसऱ्या कोणाला बांधू दिली नाही. बेचाळीस वर्षांत पेटी कमी झाली नाही हे खरे आहे. नवीन नियम आला नसता तर माझ्या शेडमध्ये बंद गाडी आली नसती. हा नियमाचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर बनुबाईने सूप खाली ठेवले. तिने मला एवढेच विचारले, "त्या हमालाची बायकू कुणाच्या दारात गेली असंल?"

तिने ताट वाढले. सकाळी माझे धुतलेले कपडे कॉटवर काढून ठेवलेले होते.

आज सकाळी साडेआठ वाजता मी या ठाण्यात आलो. येथील अंमलदार मला म्हणाले, "तात्या, ह्या वयात कुणासाठी अंगावर घेताय? घरी जावा." माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्यांना म्हणालो, मला करून दाखवू द्या. त्यावरून साहेबांनी दोन पंच बोलावले व आम्ही शेडवर गेलो. तिथे आमची दुसरी बंद गाडी उभी होती. साहेबांनी दाराला कुलूप लावून त्यावर कागद चिकटवला व सह्या घेतल्या. मी पाने घेतले. आता बोटे लवकर वळत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. तरी पंधरा मिनिटांत दार उघडले. कुलूप व कागद जसेच्या तसे होते. त्याचा पंचनामा वेगळा केला आहे.

वीरधवल सुरुवातीपासून बाजूला उभा होता. दार उघडल्यावर त्याने मला विचारले, "तात्या, ह्ये तुमाला कवापास्नं येतंय?"

मी म्हणालो, "तुज्या जल्माच्या आधीपास्नं."

बोल्टची एक चकती माझ्या हातून खाली पडली होती. ती वीरधवलने उचलली, पुसली आणि माझ्या हातात दिली. मग तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. पट्टी परत बसवताना या वेळी मी माती चोळली नाही.

तरी माझे म्हणणे असे की, दि. ९ फेब्रुवारी रोजी शेडवर दार मी उघडले. नारळ, अंगारा व खण मी ठेवला. जयराज मोहिते याला त्यातले काही माहीत नव्हते. त्याने तिकडे जे लिहून दिले ते माझ्या खोट्यामुळे लिहून दिले. तो मला वाचवत होता. मी वाचण्याजोगा नाही, हे त्याला माहीत नाही. ते त्याला कळले तरी चालेल. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. बोलावले तर मी सीमेवर येऊन तिकडच्या साहेबांसमोर पुन्हा करून दाखवायला तयार आहे. एवढा प्रवास झेपेल का, असे विचारले असता सांगतो की, झेपेल.

नामदेव हमालाबाबत आता काही करता येईल का, असे मी विचारले. या जबाबात तो विषय येत नाही, असे मला सांगण्यात आले.

वरील सर्व मजकूर संगणकावर घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एके ठिकाणी, दि. १८ रोजी "गैरसमजातून" खोटे सांगितले, असे लिहिले गेले होते. तो शब्द काढून तिथे फक्त "खोटे" एवढेच ठेवायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, जोर-जबरदस्ती कोणी केलेली नाही, म्हणून खाली सही करतो.

सही केल्यावर आणखी एक सांगायचे राहिले म्हणून पुढील ओळी वाढवल्या आहेत. आज शुक्रवार आहे. उद्या-परवा सुट्टी धरली तर तिकडे सोमवारच उजाडेल. हा कागद टपालाने न पाठवता ज्या रीतीने लवकर पोहोचेल त्या रीतीने पाठवावा. आणि पाठवल्याचे मला सांगावे. तिकडून काहीही उत्तर आले, माझ्याबद्दल असो वा त्याच्याबद्दल, तर क्रांतीला आधी कळवावे, मग मला. तिचा नंबर मागे लिहून दिला आहे. मी घरी जात नाही. ठाण्याच्या दारातल्या बाकावर बसलो आहे. कृपा करून लवकर कळवावे.

समक्ष,
ठाणे अंमलदार, पोलीस ठाणे उंब्रज

सही: लालासाहेब बाबुराव घाडगे